त्रिमितीय छायाचित्रांची सूक्ष्मता आणि अवलोकनाचे अंतर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात हटकून आढळणाऱ्या स्टिरिओस्कोप या यंत्राचा इतिहास सामान्यतः दोन रीतींनी सांगितला जातो. पहिली रीत शोधाच्या श्रेयाची : व्हीटस्टन की ब्रूस्टर, हा त्या काळी वृत्तपत्रांतूनही गाजलेला वाद तिच्या केंद्रस्थानी असतो. दुसरी रीत अभिरुचीची : एक वैज्ञानिक उपकरण घरगुती करमणुकीचे साधन कसे झाले आणि पुढे चित्रपटादी साधनांपुढे ते कसे मागे पडले, याचे वर्णन तीत येते. दोन्ही रीतींत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. एका विशिष्ट काळी ही चित्रे एका विशिष्ट आकाराचीच का झाली, आणि ती एका विशिष्ट अंतरावरूनच का पाहिली जाऊ लागली? हा प्रश्न केवळ तांत्रिक कुतूहलाचा नाही. त्रिमितीय छायाचित्र हे आज इतिहासाचे साधन म्हणून वापरले जाते. आणि साधन ज्या अटींवर साक्ष देते, त्या अटी ठाऊक नसतील तर त्या साक्षीचा अर्थ चुकीचा लागण्याचा संभव असतो.

या प्रश्नाचे उत्तर दोन घटकांच्या परस्परसंबंधात सापडते. एक घटक म्हणजे चित्राची विभेदनक्षमता, अर्थात कागदावर, काचेवर वा धातूच्या पत्र्यावर शेजारशेजारच्या किती बारीक रेषा वेगळ्या राहू शकतात ती मर्यादा. दुसरा घटक म्हणजे अवलोकनाचे अंतर, अर्थात डोळा चित्राला किती जवळून पाहतो ते. स्टिरिओस्कोपचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा या दोहोंमधील तडजोडीचा इतिहास आहे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

१

प्रथम या संबंधाची भूमिती ध्यानात घेणे अवश्य आहे. कोणतेही छायाचित्र त्यातील दृश्याचा यथार्थ कोन केवळ एकाच अंतरावरून दाखविते. कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर जितके असेल तितक्याच अंतरावरून मूळ आकाराची प्रत पाहिली, तर चित्रातील घर, झाड वा माणूस डोळ्याशी तोच कोन करतो, जो प्रत्यक्षात केला असता. प्रत मोठी केली असेल तर हे अंतर त्याच पटीने वाढते. याहून दूरून पाहिल्यास दृश्य लहान भासते. पण खोली मात्र त्या मानाने आकसत नाही, उलट ती ताणल्यासारखी दिसते. याहून जवळून पाहिल्यास दृश्य मोठे, परंतु चपटे भासते. एका डोळ्याने पाहावयाच्या साध्या छायाचित्रात हा दोष मन सहज पोटात घालते. दोन डोळ्यांच्या चित्रात खोली हाच मुख्य विषय असल्याने तो तसा लपत नाही.

आता दुसरी बाजू. निरोगी मानवी डोळा साधारणतः एका कलेचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचे, अंतर वेगळे ओळखू शकतो. २५० मिलीमीटर अंतरावर एक कला म्हणजे सुमारे ०·०७३ मिलीमीटर होय; दर मिलीमीटरला सुमारे सात रेषायुग्मे असतील तर डोळ्याची भूक भागते. तेच चित्र २०० मिलीमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून पाहिल्यास साडेआठांहून अधिक रेषायुग्मे लागतात, आणि ५० मिलीमीटरच्या भिंगातून पाहिल्यास सुमारे चौतीस. अंतर जितके कमी करावे तितकी चित्राने अधिक सूक्ष्म असावे लागते. एवढी सूक्ष्मता चित्रात नसेल, तर भिंग दृश्याऐवजी कागदाचे तंतू, पायसातील चांदीचे कण किंवा छपाईचे ठिपके दाखवू लागते.

त्रिमितीय दृष्टीत आणखी एक गुंतागुंत आहे. दोन डोळ्यांच्या प्रतिमांतील जो सूक्ष्म फरक खोलीची जाणीव देतो, तो एका डोळ्याच्या विभेदनाच्या मर्यादेहूनही पुष्कळ लहान असू शकतो. अनुकूल परिस्थितीत दहा विकलांचा, म्हणजे एका कलेच्या सहाव्या हिश्श्याचा फरकही ओळखता येतो. २०० मिलीमीटर अंतरावर हा फरक केवळ शतांश मिलीमीटरचा भरतो. दोन प्रतींपैकी एकीचा कागद ओला होऊन किंचित ताणला गेला, तरी सपाट भिंत पुढे आल्यासारखी वाटेल. बर्लिनचे पदार्थवैज्ञानिक हाइनरिख व्हिल्हेल्म डोव्हे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच तत्त्वावर बनावट नोटा ओळखण्याची युक्ती सुचविली होती. खरी व खोटी नोट स्टिरिओस्कोपमध्ये शेजारी ठेवली की, जी अक्षरे तंतोतंत जुळत नाहीत ती कागदाच्या पातळीतून वर उठलेली वा खाली गेलेली दिसतात. जे साधन बनावट नोट पकडू शकते, ते चित्रवाहकाच्या दोषांविषयीही तितकेच निष्ठुर असते.

२

चार्ल्स व्हीटस्टन यांनी दृष्टीच्या शरीरक्रियेवरील आपला निबंध जून १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्या वेळी छायाचित्रणाची घोषणा व्हावयाची होती. त्यांच्या उपकरणात परस्परांशी काटकोन करणारे दोन आरसे मध्यभागी होते आणि दोन चित्रे दोहों बाजूंस, समोरासमोर. पाहणाऱ्याने आरशांच्या निकट डोळे नेले की, प्रत्येक डोळ्यास आपापले चित्र दिसे. व्हीटस्टन यांनी मुद्दाम साधी रेखाचित्रे वापरली. छटा वा यथादर्शन यांमुळे खोलीचा आभास होऊ नये, जो परिणाम होईल तो केवळ दोन डोळ्यांच्या दृश्यभेदाचाच असावा, हा त्यामागील हेतू. रेखाचित्रांना विभेदनक्षमतेचा प्रश्नच नव्हता. आणि आरशांमुळे चित्रांच्या आकारावर कोणतेही बंधन नव्हते. चित्र हातभर असले तरी चालत असे.

१८३९ साली दागेर यांची प्रक्रिया प्रसिद्ध झाली. टॅलबट यांची कागदी प्रक्रिया त्याच सुमारास आकार घेत होती. १८४१ मध्ये तिचे कॅलोटाइप हे सुधारित रूप पेटंटबद्ध झाले. व्हीटस्टन यांनी टॅलबट यांस स्टिरिओस्कोपसाठी छायाचित्रे काढण्याची विनंती केली. १८४० च्या अखेरीस टॅलबट यांच्याकडून आलेल्या चित्रांत कॅमेऱ्याच्या दोन स्थानांमधील कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा होता. व्हीटस्टन यांनी तो फार मोठा ठरवून पंचवीस अंशांची सूचना केली.

वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या या पत्रव्यवहारात प्रस्तुत विषयाचे बीज आहे. दोन डोळ्यांतील अंतर ६५ मिलीमीटर धरले, तर पंचवीस अंशांचा कोन सुमारे १४७ मिलीमीटरवरील वस्तूकडे पाहताना होतो. म्हणजे पाऊण वीत अंतरावर. साडेसत्तेचाळीस अंशांचा कोन होण्यास वस्तू डोळ्यांपासून सुमारे ७४ मिलीमीटरवर आणावी लागेल, आणि तेथे सामान्य प्रौढ डोळ्यास काहीच स्पष्ट दिसत नाही. तात्पर्य, छायाचित्र काढण्याची रीत ही ते पाहण्याच्या अंतराने बांधलेली आहे, याची जाणीव त्रिमितीय छायाचित्रणाच्या पहिल्याच पत्रव्यवहारात झाली होती. १८५२ मधील दुसऱ्या निबंधात व्हीटस्टन यांनी असे उपकरण वर्णिले की, ज्यात चित्रांचे अंतर आणि डोळ्यांच्या अक्षांमधील कोन हे स्वतंत्रपणे बदलता येत. अंतर हा त्यांच्या दृष्टीने प्रयोगाचा विषय होता, सोयीचा नव्हे.

३

सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये मांडलेल्या उपकरणाने हे चित्र पालटले. एक बहिर्वक्र भिंग मधोमध कापून त्याचे दोन अर्धे दोन डोळ्यांपुढे बसवावयाचे, ही त्यांची कल्पना. असे अर्धभिंग एकाच वेळी मोठे करून दाखविते आणि लोलकाप्रमाणे किरणांस वळवितेही. त्यामुळे शेजारी ठेवलेली दोन चित्रे एकावर एक येतात. पेटी हातात मावेल एवढी झाली. पॅरिसच्या ज्यूल द्युबोस्क यांनी ती उत्तम रीतीने बनविली. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीचे लक्ष तिच्याकडे गेले, आणि १८५४ साली लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी स्थापन झाली.

ब्रूस्टर यांच्या यशाचे श्रेय बहुधा उपकरणाच्या सुटसुटीतपणास दिले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु भिंगाच्या या पेटीने एक कठोर अट घातली, तिचा विचार क्वचितच होतो. माणसाचे डोळे बाहेरच्या बाजूस वळू शकत नाहीत. म्हणून शेजारी ठेवलेल्या चित्रांतील समान बिंदूंचे अंतर डोळ्यांतील अंतराहून फारसे अधिक असून चालत नाही. लोलकाच्या वळणाने थोडी सवलत मिळते, तरीही प्रत्येक चित्राची रुंदी सात-आठ सेंटिमीटरांच्या पुढे जाऊ शकत नाही. व्हीटस्टन यांच्या आरशांत चित्र कितीही मोठे चालत असे. ब्रूस्टर यांच्या पेटीत ते लहान असावयास हवे, आणि शिवाय भिंगातून पाहावयाचे असल्याने ते अधिक सूक्ष्म असावयास हवे. म्हणजे या उपकरणाने चित्रवाहकाकडे दुप्पट मागणी केली.

ही मागणी १८३८ मध्ये कोणीच पुरवू शकले नसते. १८५० च्या सुमारास ती पुरविता येऊ लागली. दागेरच्या चांदीच्या पत्र्यावरील प्रतिमेत नुसत्या डोळ्यास वा साध्या भिंगास कण दिसत नसत. तिचा दोष एवढाच की, पत्रा आरशासारखा चमके आणि विशिष्ट कोनातच प्रतिमा दिसे. कागदी कॅलोटाइपमध्ये मात्र निगेटिव्हच्या कागदाचे तंतू प्रतीत उतरत. साध्या चित्रात ही तंतुमयता मऊ, चित्रकारी परिणाम देते आणि तिचे कौतुकही झाले आहे. स्टिरिओस्कोपमध्ये तीच घातक ठरते. कारण दोन निगेटिव्हांमधील तंतू वेगवेगळे असल्याने ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दृश्यावर एक अस्थिर, लुकलुकणारा पडदा पसरल्यासारखा वाटतो. ज्या प्रक्रियेचा ब्रूस्टर यांनी स्कॉटलंडमध्ये पुरस्कार केला होता, तीच त्यांच्या उपकरणास सर्वांत कमी मानवणारी होती, हा इतिहासातील एक मौजेचा विरोधाभास आहे.

तोडगा अंड्याच्या पांढऱ्या बलकातून आणि काचेतून निघाला. नियेप्स द सां-व्हिक्तोर यांनी १८४७-४८ च्या सुमारास बलक लावलेल्या काचेवर निगेटिव्ह घेण्याची रीत सिद्ध केली. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार यांनी बलक लावलेला कागद आणला. त्यात प्रतिमा कागदाच्या तंतूंत न मुरता पृष्ठावरील गुळगुळीत थरात राही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची प्रक्रिया प्रसिद्ध केली. फेरिए यांनी पॅरिसमध्ये काचेवरच पारदर्शक त्रिमितीय चित्रे काढली. मागून दुधी काचेतून प्रकाश आला की, त्यांतील सूक्ष्मता आजही थक्क करते. काचेची निगेटिव्ह आणि बलकाचा कागद यांची जोडी जमल्यावरच ब्रूस्टर यांची पेटी घरोघरी गेली. शोधाच्या श्रेयाचा वाद १८५६ मध्ये वृत्तपत्रांतून रंगला, तेव्हा दोन्ही पक्ष भूमितीवरच भांडत होते. परंतु निर्णय रसायनाने केव्हाच देऊन टाकला होता.

४

अमेरिकेतील वैद्य व साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी जून १८५९ मध्ये अटलांटिक मासिकात स्टिरिओस्कोपवर एक दीर्घ लेख लिहिला. चित्रकार जे तपशील वगळतो तेच छायाचित्र निष्ठेने टिपते, हे त्यांस विशेष महत्त्वाचे वाटले. दुकानांच्या पाट्या, थडग्यांवरील नावे, खिडकीत कुणाची तरी पुसट आकृती, असे तपशील शोधण्यात ते रमून जात. याच लेखात त्रिमितीय चित्रांची सार्वजनिक ग्रंथालये असावीत, अशी सूचना त्यांनी केली. तिचा उल्लेख पुष्कळदा होतो. तिच्याच पाठोपाठ आलेली दुसरी सूचना मात्र विस्मरणात गेली. निरनिराळ्या चित्रांची तुलना करता यावी म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर आणि स्टिरिओस्कोपच्या भिंगाची शक्ती यांचे एक निश्चित प्रमाण, जणू एक त्रिमितीय मीटर, ठरवावा, असे त्यांनी सुचविले होते. ग्रंथालये पुढे कमीअधिक प्रमाणात उभी राहिली. प्रमाण कधीच ठरले नाही.

होम्स यांनी स्वतः घडविलेले हाती धरावयाचे हलके उपकरण बोस्टनच्या जोसेफ बेट्स यांनी बाजारात आणले. होम्स यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे ते सर्वत्र पसरले. त्यात चित्राचा कार्ड धरणारा आडवा दांडा पुढेमागे सरकविता येई. ही सोय ऱ्हस्वदृष्टी व दीर्घदृष्टी अशा दोघांनाही उपकारक होती, परंतु तिच्यामुळे अवलोकनाचे अंतर ठरविण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडून पाहणाऱ्याकडे गेला. कार्डाचा आकार साडेतीन इंच बाय सात इंच असा रूढ झाला, भिंगांचे नाभीय अंतर बहुधा सात-आठ इंचांच्या आसपास राहिले. छायाचित्रकार मात्र आपापल्या सोयीची भिंगे वापरीत राहिले.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका चित्राची रुंदी ७५ मिलीमीटर असून त्यात प्रत्यक्ष दृश्याचा तीस अंशांचा भाग आला आहे. तर कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे १४० मिलीमीटर असले पाहिजे. ते चित्र २०० मिलीमीटरच्या होम्स-भिंगातून पाहिले, तर दृश्य केवळ एकवीस अंशांचे दिसते आणि खोली भूमितीनुसार सुमारे १·४ पट ताणली जाते. रस्ता असावयास हवा त्याहून लांब, चौक त्याहून खोल, मंदिराचा सभामंडप त्याहून दीर्घ भासतो.

ही गणना निव्वळ काल्पनिक नाही, हे अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीच्या प्रकाशनांवरून दिसते. शाळामास्तर असलेले व पुढे प्रवासी छायाचित्रकार झालेले जेम्स रिकल्टन यांच्या हिंदुस्थानातील चित्रांचा संच या कंपनीने काढला, आणि १९०७ मध्ये त्यासोबतचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. या संचात मुंबईचीही दृश्ये आहेत. कंपनीच्या अशा संचांबरोबर खास नकाशे दिलेले असत : नकाशावर छायाचित्रकाराच्या स्थानापासून दोन रेषा फुटतात आणि त्या दोहोंमधील कोन म्हणजे चित्रात आलेला भूभाग. वाचकाने पुस्तक वाचावे, नकाशावर आपली जागा पाहावी, आणि मग स्टिरिओस्कोप डोळ्यांस लावून जणू त्या जागी उभे राहावे, अशी योजना होती. परंतु नकाशावरील कोन आणि डोळ्यास प्रत्यक्ष दिसणारा कोन हे एकच असण्यासाठी भिंगांची जोडी जुळलेली असावी लागते. ती जुळत नसेल, तर वाचक नकाशावर एका जागी आणि चित्रात दुसऱ्याच जागी उभा असतो. उलटपक्षी, संशोधकास हाच नकाशा मोलाचा आहे. त्यावरील कोन मोजून आणि कार्डावरील चित्राची रुंदी मोजून मूळ भिंगाचे नाभीय अंतर वर दाखविल्याप्रमाणे काढता येते. आणि त्यावरून मुंबईच्या एखाद्या रस्त्याची रुंदी वा इमारतींमधील अंतर या चित्रांवरून अजमावण्याचा मार्ग मोकळा होतो.

५

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोन परस्परविरोधी प्रवृत्ती दिसतात. पहिली स्वस्ताईची. छपाईच्या ठिपकेदार पद्धतीने बनविलेली रंगीत त्रिमितीय कार्डे बाजारात आली. इंचास १३३ रेषांची जाळी वापरली, तर मिलीमीटरला सुमारे पाचच ठिपके पडतात. होम्स-भिंगातून डोळा सतरा वेगळे ओळखू शकतो. परिणामी दृश्याऐवजी ठिपकेच दिसत, आणि दोन चित्रांतील ठिपके न जुळल्याने जाळीच हवेत तरंगू लागे. वृत्तपत्रात खपून जाणारे तंत्र स्टिरिओस्कोपमध्ये उघडे पडले. दिवाणखान्यातील या साधनाची प्रतिष्ठा उतरण्यास या कार्डांचाही हातभार लागला असावा.

दुसरी प्रवृत्ती शुद्धतेची. पॅरिसच्या ज्यूल रिशार यांनी १८९३ मध्ये व्हेरास्कोप हा लहान कॅमेरा आणला. नावातच सत्यदर्शनाची प्रतिज्ञा होती. ४५ बाय १०७ मिलीमीटरच्या एका काचेवर दोन चित्रे घेतली जात, आणि ती पाहण्याचे उपकरण कॅमेऱ्याशी जुळणाऱ्या भिंगांचे असे. म्हणजे होम्स यांनी मागितलेले प्रमाण एका उत्पादकाने निदान आपल्या घरापुरते अंमलात आणले. मात्र त्याची किंमत विभेदनक्षमतेत मोजावी लागली. पाचसाडेपाच सेंटिमीटर नाभीय अंतरावरून डोळ्याचे समाधान करावयाचे तर मिलीमीटरला तीसहून अधिक रेषायुग्मे लागतात. १८७१ नंतर प्रचारात आलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रकाशास शीघ्र प्रतिसाद देत, परंतु शीघ्रता आणि कणांचा जाडेपणा बरोबरच वाढतात. म्हणून पाहण्याची सम प्रत मंद, सूक्ष्मकण पायसाच्या काचेवरच काढावी लागे. कागद या स्पर्धेतून बाद झाला.

पुढील पायरी रंगीत फिल्मची. कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये आली. तिच्या अंतिम प्रतिमेत चांदीचे कण उरत नसून केवळ रंगद्रव्य राहते. या गुणामुळेच १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टरच्या चकतीवर नखाएवढ्या चौदा चित्रांत सात दृश्ये मावू शकली. १९४७ मध्ये आलेल्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्यात ३५ मिलीमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे आणि २३ बाय २४ मिलीमीटरची चित्रे होती. हौशी लोकांनी १९५० नंतरच्या दशकात तो उत्साहाने वापरला. चित्र लहान होत गेले, भिंग डोळ्याच्या जवळ येत गेले. आणि प्रत्येक टप्प्यावर ही जवळीक नव्या सूक्ष्म चित्रवाहकाने आधी शक्य केली, मगच ती रूढ झाली.

६

या क्रमास एक लक्षणीय अपवाद आहे आणि तोच सिद्धान्ताची उत्तम कसोटी ठरतो. चित्रे लहान करणे जेथे शक्य नव्हते, तेथे व्हीटस्टन यांचे आरसे परत आले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. जेम्स मॅकेंझी डेव्हिडसन यांनी १८९८ मध्ये शरीरात रुतलेल्या वस्तूंचे स्थान त्रिमितीय क्ष-किरण चित्रांनी निश्चित करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. क्ष-किरणांस भिंगाने लहान करता येत नाही; छायेची काच देहाएवढीच मोठी असते. अशा काचांस ब्रूस्टर यांची पेटी निरुपयोगी होती, व्हीटस्टन यांचे उपकरण मात्र जणू त्यांच्यासाठीच बनविलेले होते.

हवाई छायाचित्रांची गोष्टही अशीच. २३ सेंटिमीटर चौरस प्रतींचे समान बिंदू एकमेकांपासून वीतभर दूर असतात. खिशात मावणारा भिंगांचा स्टिरिओस्कोप वापरावयाचा तर एक प्रत दुसरीवर चढवावी वा दुमडावी लागते. आरशांच्या स्टिरिओस्कोपमध्ये दोन्ही प्रती पूर्ण पसरून पाहता येतात. परंतु सुमारे ३० सेंटिमीटरवरून पाहताना डोळा मिलीमीटरला सहाच्या आतबाहेर रेषायुग्मे ओळखतो. हवाई फिल्मवर त्याहून कितीतरी अधिक तपशील असतो. तो वाया जाऊ नये म्हणून आरशांवर वर्धक दुर्बिणीची जोड बसविण्याची प्रथा पडली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील मेडमेनहॅम येथे छायाचित्रांचे अर्थनिर्णयन करणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ साली पेनेम्यूंडेच्या चित्रांत सुमारे वीस फूट पंखांचे चिमुकले विमान हेरले. एकास दहा हजार या प्रमाणाच्या चित्रात वीस फूट म्हणजे केवळ ०·६ मिलीमीटर. शत्रूच्या नव्या अस्त्राचा सुगावा चित्राच्या सूक्ष्मतेवर आणि ते किती जवळून पाहिले जाते यावर कसा अवलंबून होता, हे यावरून ध्यानी येईल. भारतात १९६६ मध्ये डेहराडून येथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आश्रयाने व नेदरलँड्सच्या सहकार्याने छायाचित्र-अर्थनिर्णयनाची संस्था स्थापन झाली, तेव्हा या परंपरेचे पद्धतशीर शिक्षण येथेही सुरू झाले.

७

संगणकाच्या युगात हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. २०१३ मध्ये आलेल्या ऑक्युलस या शिरोधार्य उपकरणाच्या पहिल्या विकसन-संचात प्रत्येक डोळ्याच्या वाट्यास आडवे ६४० चित्रबिंदू येत, आणि ते नव्वद अंशांच्या आसपासच्या क्षेत्रावर पसरलेले असत. म्हणजे अंशास सुमारे सात. डोळा अंशास साठ ओळखतो. पाहणाऱ्यांस जाळीच्या पडद्याआडून जग पाहिल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही. शतकापूर्वी ठिपकेदार कार्डे पाहणाऱ्यांचा अनुभव याहून निराळा नव्हता. होम्स यांच्या कार्डाने केवळ एकवीस अंशांचे क्षेत्र दाखविले, पण ते डोळ्याच्या समाधानापुरते भरले; त्यासाठी आजच्या भाषेत सुमारे तेराशे चित्रबिंदूंची रुंदी लागते. एका काळाने विस्तार निवडला, दुसऱ्याने सूक्ष्मता. दोन्ही एकदम मिळविणे हीच या इतिहासातील चिरंतन अडचण आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग अभिलेखागारात आहे. जुन्या त्रिमितीय चित्रांच्या संगणकीय प्रती आज मोठ्या प्रमाणावर होत आहेत. इंचास ३०० बिंदू हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी पुरेसे मानले जाते. वरील गणनेनुसार होम्स-भिंगातून पाहणारा १८६० चा वाचक जे पाहू शकत होता, त्यासाठी इंचास सुमारे ४४० बिंदू लागतात. व्हेरास्कोपच्या काचेसाठी सुमारे सोळाशे. याहून कमी प्रमाणात घेतलेली प्रत मूळ चित्राची नव्हे, तर त्याच्या एका अंधुक स्मृतीची नोंद ठरते; आणि खोलीची जाणीव याहूनही सूक्ष्म फरकांवर अवलंबून असल्याने सपाट चित्रात न जाणवणारी हानी त्रिमितीत जाणवते. शिवाय कार्डाची कड, चित्राची मोजलेली रुंदी, दोन चित्रांमधील अंतर, सोबतचा नकाशा व पुस्तक ही सर्व प्रत घेताना वगळली, तर मूळ भिंगाचे अनुमान करण्याचा मार्गच बंद होतो. मग सभामंडप खरोखर दीर्घ होता की पाहण्याचे अंतर चुकले होते, याचा निर्णय कोणीही देऊ शकणार नाही.

होम्स यांनी १८५९ मध्ये मागितलेले प्रमाण छायाचित्रकारांनी ठरविले नाही. ते आता मागे जाऊन ठरविता येणार नाही. परंतु प्रत्येक चित्राबरोबर ते कोणत्या कोनाने घेतले गेले असावे, कोणत्या अंतरावरून पाहिले गेले असावे आणि किती सूक्ष्मतेने नोंदले गेले आहे, या तीन गोष्टी लिहून ठेवणे अभिलेखपालाच्या हाती आहे. व्हीटस्टन यांनी टॅलबट यांस लिहिले, तेव्हा त्यांनी मुळात हेच विचारले होते : हे चित्र किती अंतरावरून पाहावयाचे आहे? त्या प्रश्नाचे उत्तर नोंदले गेले, तरच ही चित्रे पुढील पिढीस साधन म्हणून उपयोगी पडतील. एरवी त्यांची गणना केवळ शोभेच्या वस्तूंत होईल.